‘मनमिळाऊ’ हा शब्द आधी खोडा

आमच्या भूगोलाच्या सरांची शोकसभा आम्ही वाया घालवली. आठजण बोलले, आठांनीही ‘मनमिळाऊ’ म्हटलं. (सर मनमिळाऊ नव्हतेच. पेपर तपासायच्या दिवसांत तर जवळ जायची सोय नसायची.) पहिल्या स्मृतिदिनाला स्मरणिका काढायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात आलं. मी कॉलेजचा निवृत्त ग्रंथपाल.

तुमच्यावर अशी वेळ आली तर ‘सर कसे होते?’ असं विचारूच नका. ‘सरांमुळे तुमच्या विषयात तुम्ही काय वेगळं करायला लागलात?’ असं विचारा. राज्यशास्त्राच्या मॅडमनी लगेच बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीच्या सहलीची आठवण काढली. मलप्रभा तिथं उगम पावते नि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. सरांनी पोरांना दोन्हीकडचे उतार चालायला लावले होते. 2010 साली म्हादईच्या पाण्याच्या तंट्यासाठी लवाद नेमला गेला, तेव्हा मॅडमनी वर्गात कलमांआधी फळ्यावर डोंगर काढला. असा प्रसंग हाती लागला की सोडू नका. साल कुठलं, बरोबर कोण होतं, पाऊस होता का, सगळं विचारा.

मग ग्रंथालय गाठा. पुस्तकामागच्या खिशातली जुनी कार्डं काढा आणि सरांच्या सहीखाली कुणाची सही आहे ते बघा. मातीच्या एका पुस्तकावर पुढची सही मराठीच्या मॅडमची निघाली! फोन केला. ग्रामीण कविता शिकवताना त्या पोरांकडून गावचे मातीचे शब्द मागवायच्या: मुरमाड, बरड, चोपण. कन्नडच्या प्राध्यापकांनी त्यात ‘एरे’ घातला, म्हणजे काळी जमीन. ही कल्पना स्टाफरूममध्ये चहा पिताना सरांनीच सुचवलेली.

कन्नड सहकाऱ्यांना मराठीत लिहा म्हणू नका. कन्नडमध्येच घ्या, शेजारी मराठी छापा.

फोटो, छपाई वगैरे कुणीही करतं.

शिपाईमामांना मात्र विसरू नका. ‘‘मला कुठं लिहायला येतंय?’’ म्हणाले. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर बसलो. ‘‘नकाशा गुंडाळायच्या आधी सर म्हणायचे, मामा, तुमचं गाव दाखवा की. आता नातीला मीच विचारतो.’’

हे मी पहिल्या पानावर घेतलं. प्राचार्यांचा संदेश शेवटच्या पानावर गेला. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.