भैकेराचा बेडूक होताना निरीक्षण कसे करावे

बेडकाचे जीवनचक्र पुस्तकात चार चित्रांत आटोपते, पण पाहण्यासारखे जे घडते ते त्या चित्रांच्या मधल्या दिवसांत. ते पाहण्यासाठी पसरट, पारदर्शक भांडे, हातभिंग आणि वही पुरेशी आहे. वन्यजीवांविषयीचे स्थानिक नियम परवानगी देत असतील, तरच डबक्यातून दहा-बारा अंडी डबक्याच्याच पाण्यासह आणावीत. बुळबुळीत पुंजक्यातील अंडी बहुधा बेडकाची आणि माळेसारखी ओवलेली बहुधा भेकाची (टोडची) असतात. भांडे थेट उन्हात ठेवू नये.

भिंगातून पाहिल्यास अंड्यातील काळा ठिपका हळूहळू लांबट होऊन स्वल्पविरामासारखा दिसू लागतो. जी अंडी पांढुरकी, केसाळ होतात त्यांना बुरशी लागलेली असते. ती लगेच काढून टाकावीत. उबदार पाण्यात काही दिवसांत, तर थंड पाण्यात दोन-तीन आठवड्यांत भैकेर, म्हणजेच टॅडपोल, बाहेर येतात. सुरुवातीला ते पानाला चिकटून अंड्यातल्या बलकावरच जगतात, म्हणून तेव्हा खाऊ घालण्याची घाई करू नये. डोक्याच्या बाजूंना तुऱ्यांसारखे दिसणारे बाह्य कल्ले याच वेळी पाहून घ्यावेत, कारण थोड्याच दिवसांत ते त्वचेखाली झाकले जातात.

पोहू लागल्यावर शेवाळ किंवा उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा पुरतो. उरलेले अन्न कुजून पाणी बिघडते आणि भैकेर मरण्याचे नेहमीचे कारण उपासमार नसून हेच असते.

आधी मागचे पाय दिसतात. पुढचे पाय कल्ल्यांवरील आवरणाखाली तयारच असतात आणि एके दिवशी कोपर पुढे करून बाहेर पडतात. हा दिवस सर्वांत नाजूक असतो. कल्ले नाहीसे होऊन श्वसनाचा भार फुप्फुसांवर येत असल्याने पाण्याबाहेर येणारा उतरता दगड नसेल, तर पिल्लू चक्क बुडून मरते. म्हणून मागचे पाय दिसताच पाणी उथळ करून दगड ठेवावा. याच सुमारास ते खाणे थांबवते, त्यामुळे ते आजारी असल्याचा समज होतो. वस्तुतः तोंडाची आणि आतड्याची रचना शाकाहारातून मांसाहाराकडे बदलत असते आणि शरीरात विरघळणारी शेपूट त्याला पोसत असते. शेपूट गळून पडते, ही समजूत चुकीची आहे. रोज पट्टीने मोजल्यास ती आखूड होत गेलेली वहीत दिसते.

हे सारे थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे घडते. शास्त्रज्ञ गुडरनाट्श यांनी 1912 मध्ये भैकेरांना प्राण्यांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांचे वेळेआधीच इवल्याशा बेडकांत रूपांतर झाले.

शेपटीचा खुंट उरला की पिल्लांना जिथून अंडी आणली त्याच डबक्याच्या काठी, ओलसर गवतात सोडावे. दुसऱ्या पाणवठ्यावर सोडल्यास त्वचेला लागणारी घातक कायट्रिड बुरशी तिथल्या बेडकांपर्यंत पोहोचू शकते.