विमानात पाय सुजतात? या चुका टाळा

मुलाकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा बॅगांचं वजन पुन्हा पुन्हा करतात. पायांची आठवण होते ती उतरताना बूट चढेना झाला की.

चालताना पोटरीचे स्नायू शिरांना दाबून रक्त वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास बसलं की हे काम मंदावतं. रक्त पायांत साचतं, शिरांमधला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याभोवती जमतं. सीटची कड मांडीखाली रुतत असेल तर आणखी भर. मुख्य दोष बसून राहण्याचा आहे, म्हणून लांबच्या बसप्रवासातही पाय सुजतात.

आपल्याकडची पहिली चूक म्हणजे तास विमानात बसल्यापासून मोजणं. कोथरूडहून मुंबई विमानतळ गाडीने तीन-चार तास, तिथे पुन्हा खुर्चीत दोन-तीन तास, आणि मग न्यूयॉर्कचं थेट विमान असेल तर पंधरा तासांच्या वर. एक्स्प्रेसवेवर फूडमॉलला उतरून चाला, विमानतळावरही फेऱ्या मारा.

दुसरी चूक ज्येष्ठांमध्ये फार दिसते: शेजाऱ्याला सारखं उठवायला नको म्हणून पाणीच प्यायचं नाही. केबिनची हवा अतिशय कोरडी असते. थोडं थोडं पाणी प्या. टॉयलेटपर्यंतची फेरी पायांना हवीच असते. त्यासाठी कडेची सीट मागून घ्या. लोणचं, फरसाण त्या दिवशी कमी. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं.

पायाशी बॅग ठेवली तर पाय हलणार कसे? ती वर ठेवा. टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा. पोटरीवर हात ठेवा, ती घट्ट होताना जाणवली पाहिजे. दर अर्ध्या तासाने वीस-तीस वेळा करा. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच अवस्थेत पडून राहणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

कॉम्प्रेशन मोजे, म्हणजे पोटरीला दाब देणारे घट्ट मोजे, मापाने घ्या आणि सूज येण्याआधी, घरूनच घालून निघा. वरची कड दुमडली की तिचाच फास बसतो. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कुणी सांगितलं म्हणून ॲस्पिरिन किंवा लघवीची गोळी घेऊ नका. बीपीच्या ॲम्लोडिपिननेही घोटे सुजतात, पण ती गोळी मनाने बंद करू नका.

दोन्ही पायांची सूज पाय उंच ठेवल्यावर, चालल्याफिरल्यावर बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम किंवा लाल झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. प्रवासानंतर काही आठवड्यांनीही हे घडतं. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी, गरोदर बायकांनी, कॅन्सरच्या रुग्णांनी आणि आधी गुठळी झालेल्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. दम लागला, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा. खर्चाच्या धास्तीने ‘पुण्याला गेल्यावर दाखवू’ म्हणत अजिबात थांबू नका.