मुलींचं उन्हाळी शिबिर: या चुका आम्ही केल्या, तुम्ही टाळा

एप्रिल सरत आला की कोल्हापुरात चौकाचौकात शिबिरांचे फलक लागतात. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हे शब्द नसलेला फलक मी तरी अजून पाहिलेला नाही. आम्ही चार-पाच जणी दहा ते चौदा वर्षांच्या मुलींचं शिबिर घेतो. आठ दिवस गावात, सकाळी साडेसहा ते दहा, आणि शेवटचे दोन दिवस पन्हाळ्यावर मुक्काम. पहिल्या दोन वर्षांत करता येतील तेवढ्या चुका करून झाल्या.

मैत्रिणींना एकाच गटात ठेवणं

“ताई, आमची लाजरी आहे, तिच्या मैत्रिणीबरोबरच ठेवा,” असं प्रत्येक आई सांगते. आम्ही ऐकलं. तिसऱ्या दिवशी डबे उघडले तेव्हा शाळेशाळेची कोंडाळी झाली होती, आणि दोन मुली भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. आता पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या टाकतो. आठ जणींचा गट, एका शाळेच्या दोघींपेक्षा जास्त नाहीत. गटाला खरं काम असतं: पाणी भरणं, हजेरी, सतरंज्या झटकून घडी घालणं. हे काम रोज बदलू नका. निदान चार दिवस एकीकडेच राहिलं तरच ते तिचं होतं; चौथ्या दिवशी ती स्वतःहून ओरडते, “चपला बाहेर!”

बोलणं सुधारायला जाणं

ही आमची सगळ्यात मोठी चूक. कोल्हापूरच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. आमच्या आज्या तसंच बोलायच्या, घरात मीही तसंच बोलतो. एका वर्षी सुट्टीला आजोळी आलेली पुण्याची एक मुलगी हे ऐकून खुदकन हसली. तेवढं चाललं असतं. पण आमच्यातल्याच एका ताईनं ‘मी आलो’ म्हणणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं, “आलो नाही, आले म्हणायचं.” ती सहावीतली मुलगी तोवर गटात सगळ्यात जास्त बडबड करत होती. पुढचे तीन दिवस ती मानेनंच हो-नाही सांगत होती. माफी मागून काही फरक पडला नाही. शेवटी पुण्याच्या मुलीलाच तिच्याकडे पाठवलं, कोल्हापुरी बोलायला शिक म्हणून. दोघी पायरीवर बसल्या. “मी जातो म्हण.” “मी जातो.” “असं नाही गं, जरा जोरात!” मग कुठे तोंड उघडलं.

मोठ्या नावांची भाषणं

तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. दोघी कोल्हापूरच्या, अभिमान आहेच. पण पाहुण्यांनी तासभर ‘तुम्हीही तशा व्हा’ म्हणून सांगितलं की मुली पंख्याची पाती मोजतात. त्याऐवजी गेल्या वर्षी आलेली आठवीतली एखादी बोलवा आणि तिच्या हातातून लाठी कितीदा पडली होती ते तिलाच सांगू द्या.

समारोपासाठी शिकवणं

मर्दानी खेळ आमच्याकडे असतोच. पहिल्या वर्षी लाठी चांगली फिरवणाऱ्या दहा जणी पुढच्या रांगेत उभ्या केल्या. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या बऱ्याच जणी पुढच्या वर्षी आल्याच नाहीत. आता जिला एक पवित्रा जमला तिनं तो दुसरीला शिकवायचा, वस्तादांनी फक्त चुकलेली पकड नीट करायची. वस्तादांना हे पटवायलाच आठवडा गेला. समारोपाला पालकांना खुर्च्या ठेवत नाही. मुलगीच त्यांच्या हातात लाठी देते. एका बाबांनी स्वतःच्याच गुडघ्यावर मारून घेतली. “मनगट फिरवा बाबा, खांदा नाही,” असं त्यांची लेक त्यांना सांगत होती. ही पोरगी पहिल्या दिवशी आईचा पदर सोडत नव्हती.

पन्हाळ्यावर इतिहासाचा तास

गड कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, ताराराणींची राजधानी. बोलण्यासारखं खूप आहे. पण उन्हात उभं करून बोलू नका. अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठारांत नेऊन त्यातली गंगा कोठी पावलांनी मोजायला सांगा. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येतो, भांडण जुंपतं, पुन्हा मोजतात. त्यानंतर विचारलेले प्रश्न ऐकण्यासारखे असतात.

मे महिन्यातला वळीव दुपारनंतर सांगून येत नाही, म्हणून गडावरचं बाहेरचं काम दोनच्या आत उरका, आणि ढग गडगडले की झाडाखाली नव्हे, पक्क्या छपराखाली. पाळीचं सामान ताईंच्या पेटीत ठेवून मागायला लावू नका. न्हाणीघरातच ठेवा, कुणाला विचारावं लागू नये.

झोपताना घरी फोन

रात्री नऊला आईचा आवाज ऐकला की एक रडते, आणि तिचं पाहून पाच जणी रडतात. फोन संध्याकाळी, चहाच्या वेळी द्या. आयांनाही आधीच सांगून ठेवा: “करमतंय का?” असं विचारू नका, “काय जेवलीस?” विचारा. गेल्या वर्षी पहिल्या संध्याकाळी एकीनं फोन वीस मिनिटं सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन गेले तेव्हा तिच्या गटाची पिठल्याची पाळी होती. तीन विटांची चूल धुमसत होती, मीठ दोघींनी घातल्यामुळे वाद पेटला होता. धुरातून तिनं नुसता हात हलवला, “आईला सांगा, मागनं करतो.”