सोसायटीची कमिटी मीटिंग दीड तासात संपवताना

कमिटीची मीटिंग लांबते ती बहुधा अजेंड्यामुळे. ‘लीकेजबाबत चर्चा’ असा विषय लिहिला की चर्चाच होते, निर्णय नाही. त्याऐवजी ‘बी विंगच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग: तीन कोटेशनमधून एक मंजूर करणे’ असं लिहायचं. तुलनेचा तक्ता नोटिशीसोबतच पाठवायचा: दर, जीएसटी, वॉरंटी, पेमेंटचे टप्पे. कोटेशनं मीटिंगमध्ये पहिल्यांदा उघडली की अर्धा तास वाचण्यातच जातो.

आदर्श उपविधींनुसार (म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) महिन्यातून कमिटीची किमान एक सभा आणि तीन दिवस आधी नोटीस लागते. आम्ही सात दिवस आधी देतो. अकरा जणांच्या कमिटीत सहाचा कोरम, म्हणजे निदान सहा जण हजर हवेत. तो भरला नाही तर गप्पा माराव्यात, ठराव करू नयेत.

क्रम असा: मागचं इतिवृत्त, थकबाकी, मग खर्चाचे विषय. पार्किंग सगळ्यात शेवटी, कारण ते आधी घेतलं की बाकीचं राहूनच जातं. ‘ऐन वेळचे विषय’ हे खरं भगदाड. तिथे फक्त विषय नोंदवायचा, खर्चाला मंजुरी पुढच्या सभेत. पंप जळाला तर अर्थात थांबायचं नाही.

ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवायचा. ‘टाकी साफ करून घ्यावी’ हा ठराव नव्हे. कोण, किती रुपयांपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, सूचक, अनुमोदक. आणि कोणाचा विरोध असेल तर नावानिशी. हे मोघम राहिलं की पुढच्या महिन्यात तोच वाद परत.