हार्मोनच्या चाचणीबद्दल विचारलं तर

परक्या देशात अजून बूड टेकलेलं नसतं, आणि रात्री दचकून उठणं मात्र जुनंच असतं. अशा काळात डॉक्टर विचारतात, ‘पीटीएसडीवर, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनाला जडलेल्या त्रासावर, हार्मोन औषध म्हणून देऊन पाहण्याची चाचणी सुरू आहे, भाग घ्याल का?’ मी घेतला होता, म्हणून नव्याने आलेल्यांना सांगते.

हे हार्मोन अनेकदा कॉर्टिसोल असतं. गोळीत त्याचं नाव हायड्रोकॉर्टिसोन. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ते सोडतात. जुनाट पीटीएसडी असलेल्या काहींमध्ये, सगळ्यांमध्ये नव्हे, ते कमी आढळलं आहे. शिवाय कॉर्टिसोल वाढलं की आठवण वर येणं जरा अडतं. २००४ साली स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात रोज १० मिलिग्रॅम देऊन पाहिलं आणि त्रास काहीसा उतरला. पण रुग्ण होते फक्त तीन! पुढचे निकाल उलटसुलट आले. म्हणून चाचणीला इलाज समजू नका. तुमच्या वाट्याला औषध नसलेली गोळीही येऊ शकते, आणि ते तुम्हालाच काय, गोळी देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

संमतीपत्र आपल्या भाषेत समजून घ्या. दुभाषा मागा, पण नात्यातला किंवा आपल्या मंडळींतला नको. मी पहिल्या भेटीला ओळखीच्या बाईंना नेलं आणि जे सांगायला गेले होते तेच गिळून आले. मुलाखतीत गेल्या महिन्यातली स्वप्नं, टाळाटाळ, दचकणं सगळं विचारतात. तिथे लाजून कमी सांगितलंत तर मोजमापच चुकतं.

रात्रपाळी करत असाल तर आधीच सांगा. कॉर्टिसोल सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास सर्वात चढतं. झोप उलटी झाली की ते चक्रही हलतं. लाळेचा नमुना दिलेल्या वेळीच घ्यायचा, दात घासण्याआधी, काही खाण्यापिण्याआधी. मधुमेह असेल तर लपवू नका, या गोळीने साखर वाढते. गोळी मनाने बंदही करू नका.

‘नाही’ म्हटलंत म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि मधूनही बाहेर पडता येतं. सही करण्याआधी एवढं मात्र विचाराच: चाचणी संपल्यावर मला कोण बघणार? मी विचारलं नव्हतं. शेवटच्या भेटीनंतर समुपदेशक मिळेपर्यंतचे महिने फार जड गेले.