उंदरांतला दमा: ॲलर्जन बदलताना या चुका टाळा

उंदरांना ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी घडवणारा पदार्थ, देऊन दम्यासारखा दाह घडवतात; बहुधा माइटचा (घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म जीवाचा) अर्क किंवा ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचं प्रथिन. ‘माइटच्या अर्काने ओव्हाल्ब्युमिनपेक्षा जास्त दाह झाला’ असं परिषदेतल्या पोस्टरवर दिसलं की मी निष्कर्ष सोडून आधी पद्धत वाचतो. बहुतेकदा ओव्हाल्ब्युमिन अॅलमसोबत (प्रतिकार प्रतिसाद वाढवणारा ॲल्युमिनियमचा क्षार) पोटात टोचून मग नाकातून दिलेलं असतं, आणि माइटचा अर्क पहिल्या दिवसापासून नाकातूनच, आठवड्यातले पाच दिवस. म्हणजे ॲलर्जन, मार्ग, अॅलम आणि वेळापत्रक, चारही गोष्टी एकदम बदलल्या. मग फरक कशाचा मानायचा?

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती सहज होते, कारण प्रत्येक ॲलर्जनचा ठरलेला प्रोटोकॉल आयता मिळतो. दोन्ही नुसते नाकातून देऊन भागत नाही.  ओव्हाल्ब्युमिनमध्ये प्रोटीएझ (प्रथिनं तोडण्याची) क्रिया नाही, आणि ते स्वच्छ असेल तर नाकातून देऊन ॲलर्जीऐवजी सहनशीलताच तयार होते. माइटमधलं डर पी १ हे प्रथिन मात्र स्वतःच प्रोटीएझ आहे, श्वासनलिकेच्या अस्तरातले जोड सैल करतं. त्यामुळे एक गट वाढवा: माइटचा अर्कही अॅलमसोबत पोटात, नंतर नाकातून. ॲलर्जनचा फरक ओव्हाल्ब्युमिन आणि या गटात दिसेल, मार्गाचा फरक माइटच्याच दोन गटांत.

‘२५ मायक्रोग्रॅम माइट’ असं नुसतं लिहू नका. २५ मायक्रोग्रॅम कशाचे? सुक्या अर्काचे, प्रथिनाचे, की डर पी १ चे? तीन आकडे, तीन वेगळे डोस. लॉट (एका वेळी बनवलेला साठा) बदलला की हे प्रमाण बदलतं आणि एंडोटॉक्सिनही (जिवाणूंच्या आवरणातला दाहकारक पदार्थ). डर पी २ हे माइटमधलं दुसरं प्रथिन; ते एमडी-२ या शरीरातल्या साहाय्यक प्रथिनासारखं वागून एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या टीएलआर-४ ग्राहकाचा संदेश वाढवतं, म्हणून तो फरक दुर्लक्षण्याजोगा नाही. थोडं एंडोटॉक्सिन टीएच-२ (ॲलर्जीच्या) प्रतिसादाला हातभार लावतं, जास्त झालं की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात. साध्या ओव्हाल्ब्युमिनच्या बाटलीतही ते असतं. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा, अख्ख्या प्रयोगाला पुरेल एवढा एकच लॉट घ्या, आणि तेवढंच एंडोटॉक्सिन सलाइनमधून दिलेला नियंत्रण गट ठेवा.

इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आलेच नाहीत? ॲलर्जनला दोष देण्याआधी पिपेट बघा. हलक्या भुलीत ४०–५० मायक्रोलिटर दिलं तर ते फुप्फुसात पोचतं. जाग्या उंदराला १० मायक्रोलिटर दिलं तर बरंचसं नाकातच राहतं किंवा गिळलं जातं. मग जात बघा. बाल्ब-सीमध्ये श्वासनलिकेची अतिसंवेदनशीलता सहज दिसते, सी५७ ब्लॅक ६ मध्ये ती कमी असते. नर-मादी मिसळू नका. माद्यांमध्ये दाह बहुधा जास्त असतो. उलट न्यूट्रोफिलच फार दिसत असतील तर लव्हाज (फुप्फुस धुऊन पेशी गोळा करणं) फार लवकर केलात का ते तपासा, नाहीतर एंडोटॉक्सिनकडे वळा.

अल्टरनेरियाला या रांगेत बसवताना जास्त जपावं लागतं. या बुरशीचा अर्क आयएल-३३ हा संदेशवाहक रेणू बाहेर काढतो आणि जन्मजात प्रतिकाराच्या आयएलसी-२ पेशींमार्फत काही दिवसांतच इओसिनोफिल आणतो, अगदी अर्जित प्रतिकाराच्या टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांतही. तीन दिवसांच्या अल्टरनेरियाची तीन आठवड्यांच्या माइटशी तुलना केली तर जन्मजात आणि अर्जित प्रतिकाराची तुलना होते, ॲलर्जनची नाही.

दीर्घ प्रयोगात ओव्हाल्ब्युमिन देतच राहिलात तर दाह ओसरू लागतो. औषध दिलेल्या गटात ही घट दिसली आणि बिनऔषधाचा, तेवढेच दिवस ॲलर्जन घेतलेला गट नसला, की श्रेय औषधाला जातं. फुप्फुसाची कार्यक्षमता मोजताना पेनएचवर (मोकळ्या उंदराच्या श्वासावरून काढलेला अप्रत्यक्ष आकडा) विसंबू नका; श्वासनळीचा प्रतिरोध थेट मोजा.

आणि हे जास्तीचे गट प्राणी नीती समितीच्या पहिल्याच अर्जात लिहा. मंजूर संख्या संपल्यावर नियंत्रण गट आठवला तर सुधारित मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर तो लॉट संपलेला असू शकतो.