क्रोनीची टिपणं लावली, तेव्हाची गोष्ट

इंदूरला रामबागेतल्या आमच्या ऑफिसात सगळ्या मशीनना वेळ पुरवायचं काम क्रोनीडी करतं. डेमन (मागे सतत चालणारा हा प्रोग्राम) बिचारा नीट चालू होता, कागदपत्रं मात्र भंगार. निम्मी पानं एनटीपीडी या वेळ पुरवणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या काळातली, त्यामुळे तपासणीसाठी अजून त्याची ‘एनटीपीक्यू’ कमांडच लिहिलेली. नवा मुलगा ते टाइप करून बसला आणि म्हणाला, “दादा, ही कमांडच नाहीये!”

आधी जुनी पानं सरळ काढून टाकली. ‘संदर्भासाठी असू दे’ म्हणून ठेवलेलंच पुढे घोळ घालतं.

मग कॉन्फिग फाइल समोर ठेवून ओळीमागून ओळ लिहीत गेलो. ‘मेकस्टेप १.० ३’ इथे सगळे अडायचे. आता खाली लिहिलंय: घड्याळातला फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर घड्याळ एकदम सरकवा, पण सुरू झाल्यावरच्या पहिल्या ३ अपडेटपुरतंच, नंतर हळूहळू. चालू डेटाबेसखाली वेळ उडी मारू नये, हे कारणही तिथेच. कारण नसलं की कुणीतरी हौसेनं आकडा बदलतोच.

‘अलाउ’ ओळ नसेल तर क्रोनीडी इतरांना वेळ देत नाही, हे ठळक केलं. पोर्ट एकाच ठिकाणी: वेळेसाठी यूडीपी १२३, क्रोनीसीसाठी (क्रोनीडीची स्थिती विचारायची कमांड) ३२३. मॅन्युअलमध्ये आहे ते पुन्हा उतरवलं नाही. कॉन्फिगसाठी मॅन्युअलचा विभाग ५ बघा, डेमनसाठी ८, एवढंच लिहिलं.

शेवटी त्याच मुलाला नव्या मशीनवर बसवलं. ‘क्रोनीसी सोर्सेस’मध्ये तारा (*, म्हणजे वेळेचा स्रोत निवडला गेल्याची खूण) दिसेपर्यंत त्यानं मला हाक मारली नाही.